अटी बदलल्या आहेत

२४ डिसेंबर. या तारखेला वसईच्या नंदाखालमध्ये दुसऱ्या कशाला सवड नसते. पवित्र आत्मा चर्चमध्ये नाताळच्या मिस्सेची तयारी, पोरांची गोठ्यावरून शेवटची धावपळ आणि घरोघर तळणाचा वास. सरकारी दिनदर्शिकेत हीच तारीख राष्ट्रीय ग्राहक दिनाची आहे. १९८६ साली याच दिवशी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्या कायद्याची हवा तयार करण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पाठोपाठ मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि गिऱ्हाईक म्हणजे मुकाट पैसे मोजणारा माणूस ही समजूत या दोन्ही संस्थांनी मोडीत काढली. त्यामुळे या दिवशी ग्राहकाच्या हक्कांवर लिहिण्याचा प्रघात आहे. यंदा तो मोडून विक्रेत्याची बाजू मांडायची आहे. तीही दुकानदाराची नव्हे, तर घरच्या ओट्यावर माल भरून मोबाइलवरून विकणाऱ्या विक्रेत्याची.

विकणे वसईला नवे नाही. १२ एप्रिल १८६७ रोजी मुंबईची पहिली उपनगरी गाडी सुटली ती विरारहून, आणि तेव्हापासून या पट्ट्यातली भाजी, केळी, फुले, विड्याची पाने रेल्वेने मुंबईच्या बाजारात जात आली. पहाटेच्या लोकलमध्ये टोपल्या चढवणाऱ्या बायका आणि दादरच्या फुलबाजारात उतरणारी मोगऱ्याची, सोनचाफ्याची बोचकी हे दृश्य अजून पुरते पुसलेले नाही. वाडीतले उत्पन्न घटले, जमिनी बिल्डरकडे गेल्या, पण विकण्याची हुशारी घरात राहिली. आज तीच हुशारी सुनेच्या नाहीतर लेकीच्या मोबाइलमध्ये आहे. एप्रिल-मेच्या उन्हात वाळवून, भाजून, कुटून गडद काचेच्या बाटल्यांत दाबून भरलेला बॉटल मसाला, राजेळी केळी उन्हात वाळवून केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी, नाताळचा केक आणि मार्झिपान या सगळ्याला आता ऑनलाइन बाजारपेठेत गिऱ्हाईक आहे. पूर्वी सुकेळी घ्यायला आगाशीच्या बाजारात यावे लागे. आता नागपूरचा माणूस घरबसल्या मागवतो.

हे चांगलेच झाले. तक्रार आहे ती बाजाराच्या रीतीबद्दल.

एक बाटली हातात घेऊ. २०० ग्रॅम मसाला, काचेची बाटली, झाकण, लेबल असे सगळे मिळून वजन चारशे-साडेचारशे ग्रॅम. वाटेत काच फुटू नये म्हणून चारी बाजूंनी बबल रॅप गुंडाळून ती खोक्यात बसवली, की खोके होते २० सेंटिमीटर लांब, १५ रुंद, १५ उंच. कुरिअरच्या हिशेबात नुसत्या काट्यावरच्या वजनाला अर्थ नसतो. लांबी, रुंदी, उंची गुणून पाच हजारांनी भागतात आणि काटा व गणित यांतला मोठा आकडा धरतात. इथे उत्तर येते ९०० ग्रॅम. म्हणजे बाटली भरते अर्ध्या किलोच्या आत आणि पैसे पडतात एक किलोच्या टप्प्याचे. खोके लहान केले तर बाटली फुटते. फुटलेली बाटली परत आली, की तिचा भुर्दंड बऱ्याचदा विक्रेत्याच्याच माथी. अनेक महिने खटपट करून घरच्या मंडळींनी खोक्याचे माप एकदाचे जुळवलेले असते, आणि ऐन डिसेंबरात ईमेल येतो: अमुक तारखेपासून वजनाचे टप्पे, परताव्याची फी आणि पॅकिंगचे निकष बदलत आहेत, सुधारित अटी आपणास मान्य आहेत असे समजले जाईल.

अटी बदलल्या आहेत. कधी पंधरवड्याने लागू, कधी आठवड्याने, कधी आजपासूनच. कारण विचारायला जागा नाही. मान्य नसेल तर खाते बंद करा, एवढाच पर्याय.

बदल नेहमी विक्रेत्याच्या विरोधातच असतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२५ हे वर्ष तर छोट्या विक्रेत्याला बरेच लाभले. अॅमेझॉनने ७ एप्रिलपासून तीनशे रुपयांखालच्या, १३५ वर्गांतल्या वस्तूंवरचे कमिशन शून्य केले. फ्लिपकार्टने नोव्हेंबरात हजार रुपयांखालच्या वस्तूंसाठी तेच केले. मीशोने तर २०२१ पासूनच शून्य कमिशनचा झेंडा लावला आहे. सरकारही मागे राहिले नाही. जीएसटीखाली प्लॅटफॉर्मने कापायची रक्कम जुलै २०२४ मध्ये एक टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर आली आणि आयकराची कपात ऑक्टोबर २०२४ पासून एक टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर. छोट्या धंद्यात खेळते भांडवल म्हणजे घरातलेच पैसे असतात. तिथे ही सवलत मोठी आहे.

पण शून्य कमिशन म्हणजे शून्य खर्च नव्हे, हे पहिला हिशेब हाती पडला की कळते. वजनाची फी राहते, प्रत्येक ऑर्डरमागची ठरावीक फी राहते, या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि ज्याची जीएसटी नोंदणी नाही त्याला तो परतही मिळत नाही. शिवाय माल पहिल्या पानावर दिसावा म्हणून जाहिरातीचे पैसे वेगळे. आणि मुख्य म्हणजे फी कमी झाली तीही न विचारता आणि उद्या वाढेल तीही न विचारताच. मालकाच्या मर्जीवर मिळालेली सवलत ही मर्जीच असते.

भाजी पिकवणाऱ्या घरांना यातले काहीच नवे वाटणार नाही. बाजारात माल गेला की व्यापाऱ्याकडून पट्टी यायची: इतकी जुडी, इतका भाव, त्यातून अडत, हमाली, तोलाई वजा, उरले ते तुमचे. भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरायचा आणि शेतकऱ्याने हाती पडेल ते घ्यायचे. विक्रेत्याच्या मोबाइलवर दर आठवड्याला येणारा हिशेब म्हणजे नव्या जमान्याची पट्टीच. फक्त कपातीच्या ओळी वाढल्या आहेत. फरक असा, की जुन्या बाजाराला कायदा होता. १९६३ चा पणन कायदा आला, अडत्याला परवाना लागला, काट्यावर तपासणी आली, तक्रारीला बाजार समिती आली. समित्यांचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यांची आरती ओवाळण्याचा आमचा इरादा नाही. तरीही जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला नियमनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरवले, तेव्हा व्यापारी संपावर गेले, वाशीपासून पुण्यापर्यंत बाजार बंद पडले, बैठका झाल्या, वर्तमानपत्रांतून दोन्ही बाजू मांडल्या गेल्या. कोणाच्या खिशातून पैसे जायचे यावर चारचौघांत वाद झाला. ऑनलाइन बाजारातली अडत एका ईमेलने वरखाली होते आणि कोणाला पत्ता लागत नाही.

सरकारचे स्वतःचे नियमही या विक्रेत्याशी सरळ वागतात असे नाही. ऑक्टोबर २०२३ पर्यंत ऑनलाइन बाजारपेठेत एक बाटली विकायची तरी जीएसटी नोंदणी सक्तीची होती, मग वर्षाची उलाढाल पन्नास हजार का असेना. ती अट सैल झाली. आता मालाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर नुसत्या नावनोंदणी क्रमांकावर भागते. मात्र माल राज्याबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे नंदाखालचा मसाला चंद्रपूरला जाऊ शकतो, पण याच रेल्वेमार्गावर दोन-अडीच तासांवर असलेल्या वापीला जाऊ शकत नाही. गोव्यालाही नाही. वसईच्या मसाल्याला आणि केकला महाराष्ट्राबाहेर हक्काचे गिऱ्हाईक कुठे असेल, तर ते नेमके या दोन ठिकाणी. कर एक, देश एक अशा घोषणेखाली आलेल्या जीएसटीत ही सीमा अजून का उभी आहे, याचे पटणारे उत्तर कोणी दिलेले नाही.

तरी एका बाबतीत सरकारकडून शिकण्यासारखे आहे. जीएसटीचे दर बदलण्याचा निर्णय परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी जाहीर केला आणि तो लागू केला २२ सप्टेंबरपासून. केक-बिस्किटांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ वर आला. लेबले, किमती, बिले बदलायला एकोणीस दिवस मिळाले. दर उतरत असूनही मिळाले. कर बसवणाऱ्या सरकारला जी मुदत द्यावीशी वाटते, ती एका खासगी कंपनीला परवडत नाही हे पटत नाही.

कायद्याच्या चष्म्यातून पाहिले, तर या व्यवहारात माणसे तीन. घेणारा, पोचवणारा आणि विकणारा. घेणाऱ्यासाठी २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा आहे आणि त्याखाली जुलै २०२० मध्ये आलेले ई-कॉमर्सचे नियम आहेत: तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. पोचवणाऱ्या मुलाला २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगार म्हणून ओळख दिली आणि त्याच्यासाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम बाजूला काढायची तरतूद केली. प्रत्यक्षात त्याच्या हातात काय पडते ते पुढे दिसेल, पण निदान कायद्याच्या कागदावर तो आहे. राहिला विकणारा. त्याचे नाव नियमांत येते ते बहुतेक त्याच्या कर्तव्यांच्या यादीत.

इथे एक बारकावा आहे आणि तो मुद्दाम सांगायला हवा. जुन्या १९८६ च्या कायद्यात, पुढच्या दुरुस्त्यांनंतर, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तू आणि सेवा या दोन्हींना 'व्यापारी हेतू'तून सूट होती. म्हणजे चरितार्थासाठी एखादी सेवा घेणारा छोटा माणूसही ग्राहक ठरू शकत होता. २०१९ च्या कायद्यातल्या त्याच स्पष्टीकरणात वस्तू राहिल्या आणि सेवा गळाल्या. ज्या काळात लाखो लोकांचा स्वयंरोजगार प्लॅटफॉर्मच्या सेवेवर उभा राहू लागला, नेमक्या त्याच काळात ही गळती झाली. नव्या कायद्यात 'अन्याय्य करार' ही चांगली कल्पनाही आली. सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार एका पक्षाला देणारे कलम अन्याय्य मानून त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे जाता येते. पण तेही ग्राहकालाच. मसाला विकणाऱ्या बाईचे खाते एका रात्रीत बंद झाले, तर तिने ग्राहक आयोगाच्या कोणत्या दारातून आत जायचे?

कंपन्यांची बाजू नाही असे नव्हे. नकली माल, खोटे परीक्षण, चोरीची छायाचित्रे, एकाच पत्त्यावरून दहा नावांनी उघडलेली खाती हे सगळे खरे आहे. खाण्याच्या मालात तर हयगय चालतच नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले, की ग्राहकाच्या हाती पडताना पदार्थाच्या टिकण्याच्या मुदतीपैकी किमान ३० टक्के किंवा मुदत संपायला ४५ दिवस शिल्लक असले पाहिजेत. घरगुती पदार्थ विकणाऱ्यांना हा नियम जड जातो, तरी तो योग्यच आहे. विषारी माल विकला जात असेल तर पंधरा दिवसांची नोटीस देत कोणी बसू नये. त्या क्षणी विक्री थांबवावी. मात्र वजनाचा टप्पा बदलणे ही आणीबाणी नाही. परताव्याची फी वाढवणे हीसुद्धा नाही. फसवणूक रोखायची म्हणून प्रामाणिकालाही तारखेशिवाय आणि कारणाशिवाय हाकलण्याची मुभा ठेवणे, हा आळस आहे.

इतर देशांत यावर उपाय झालेले आहेत. युरोपीय संघाचा २०१९ चा नियम १२ जुलै २०२० पासून लागू आहे. अटी बदलायच्या तर विक्रेत्याला किमान पंधरा दिवस आधी लेखी कळवायचे, खाते रोखायचे तर कारण लिहून द्यायचे, कायमचे बंद करायचे तर तीस दिवसांची सूचना द्यायची आणि मोठ्या प्लॅटफॉर्मनी तक्रारीसाठी स्वतःची व्यवस्था उभारून बाहेरच्या मध्यस्थांची नावेही करारात लिहायची. जपाननेही १ फेब्रुवारी २०२१ पासून मोठ्या प्लॅटफॉर्मना पारदर्शकतेचा कायदा लावला. भारतात काम करणाऱ्या काही कंपन्या युरोपात हे सारे पाळतात. म्हणजे अडचण यंत्रणेची नाही.

आपल्याकडच्या २०२० च्या नियमांतही बीज आहे. कोणत्या निकषावर माल वर किंवा खाली दिसतो आणि एकाच प्रकारच्या विक्रेत्यांत डावे-उजवे केले जाते का, हे प्लॅटफॉर्मने सांगावे अशी तरतूद त्यांत आहे. मर्जीतल्या विक्रेत्यांना झुकते माप दिल्याच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये दोन बड्या कंपन्यांची चौकशी लावली. ती न्यायालयांच्या पायऱ्या चढत-उतरत राहिली. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला, २०२५ पर्यंत त्याचा कायदा झाला नव्हता. बड्यांची भांडणे बडे लढतील. नंदाखालच्या विक्रेत्याची मागणी त्याहून फार लहान आहे: कळवा, वेळ द्या, कारण सांगा आणि ऐकून घ्या. जमल्यास मराठीतही कळवा. २०२० साली मराठीसाठी आंदोलन झाले आणि वर्षभरात अॅमेझॉनवर खरेदीला मराठी आली. मराठीत विकत घेता येते, तर बदललेली अटही मराठीत वाचता आली पाहिजे.

वसईला 'हरकती व सूचना' ही गोष्ट शिकवावी लागत नाही. नगररचना कायद्याने विकास आराखडा अंतिम करण्याआधी तो लोकांपुढे ठेवावा लागतो, आणि इथल्या लोकांनी हरकतींचे गठ्ठेच्या गठ्ठे दाखल केले आहेत. हरित वसईचा लढा त्यातूनच उभा राहिला. त्याचे नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच नंदाखालचे. पुढे इथली २९ गावे महापालिकेत ठेवायची की वगळायची यावर वर्षानुवर्षे वाद चालला, त्यातही सरकारला हरकती मागवाव्या लागल्या. निकाल नेहमी लोकांच्या बाजूने लागला असे नाही. पण निर्णय घेणाऱ्याला आधी कागद बाहेर काढावा लागला आणि लोकांसमोर बसावे लागले. देशाची खरेदी-विक्री जिथे सरकू लागली आहे, त्या बाजाराला एवढीही शिस्त नसावी?

विक्रेत्यांनीही काही करायचे आहे. बदलाचा प्रत्येक ईमेल आणि त्या दिवशीच्या अटींची प्रत जपून ठेवा; नंतर वाद झाला तर तोच पुरावा. एकाच बाजारपेठेवर सगळी भिस्त ठेवू नका. सरकारच्या पाठबळाने उभे राहिलेले ओएनडीसीचे खुले जाळे २०२२ पासून चालू आहे. अजून ते म्हणावे तसे रुजलेले नाही, पण एका कंपनीच्या अटींबाहेरची ती एक वाट आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, एकटे राहू नका. सावकाराच्या अटींना उत्तर म्हणून वसईच्या माणसांनी १९१८ मध्ये सहकारी पतपेढी काढली, तीच आजची बसीन कॅथॉलिक बँक. महिला मंडळे, बचत गट, पॅरिशमधल्या संघटना यांनी मिळून एका नावाखाली माल विकला, तर नोंदणीचा खर्च वाटला जातो आणि राज्याबाहेरचे गिऱ्हाईकही खुले होते. दहा घरांची मिळून आलेली तक्रार बाजूला सारणे एका घराच्या तक्रारीइतके सोपे नसते.

बाकी काम दिल्लीच्या ग्राहक व्यवहार खात्याचे आहे. ग्राहकाच्या व्याख्येत चरितार्थासाठी घेतलेल्या सेवा पुन्हा आणायच्या तर संसदेत दुरुस्ती विधेयक मांडावे लागेल, आणि पालघरच्या खासदारांनी त्यासाठी आवाज उठवावा. पण पंधरा दिवसांची लेखी सूचना, खाते बंद करण्याचे लेखी कारण आणि विक्रेत्यासाठी तक्रार अधिकारी या तीन गोष्टींसाठी विधेयक लागत नाही. २०२० च्या नियमांत दुरुस्ती करणारी एक अधिसूचना पुरते.